चर्चा: पेठांतील वाडे नव्या वापरानेच वाचतील का?

सदाशिवकर (धागाकर्ता):
पुण्याच्या पेठांतील वाड्यांविषयी बोलताना आपण पाडणे किंवा जपणे एवढ्या दोनच वाटा धरतो. माझे मत असे की, जो वाडा रोज वापरात असतो तोच टिकतो. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ मध्ये बांधून घेतलेला विश्रामबागवाडा पेशवाईनंतर रिकामा पडला असता. पण १८२१ मध्ये तिथे दक्षिणा निधीतून (विद्वान ब्राह्मणांना दान देण्यासाठीच्या पेशवेकालीन निधीतून) संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत मोठा भाग जळूनही तो पुन्हा उभा केला गेला आणि पुढे तिथे नगरपालिकेचा कारभार चालला. त्याच्या सज्ज्याचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे घडवलेले, खांब आज दिसतात, त्यामागे कारकुनांच्या टेबलांचाही वाटा आहे. म्हणून खासगी वाड्यांतही अभ्यासिका, छोटी निवासगृहे किंवा खानावळी यांना परवानगी सुलभ करावी.

जुना भाडेकरू:
आपण दिलेले उदाहरण सरकारी मालकीचे आहे. तिथे कोणाला घराबाहेर काढावे लागले नाही. आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडे होती. निवासगृह होणार म्हटल्यावर पहिली नोटीस आली ती आम्हालाच. चौक, तुळशीवृंदावन आणि नळावरची भांडणे यांमुळे जो वाडा होता, त्याच्या फक्त लाकडी खांबांना वारसा म्हणायचे आणि माणसांना अडथळा, हे मला पटत नाही. शंभर रुपयांची कॉफी पिणाऱ्याला तो देखावा आवडेल, हे मात्र मान्य.

वाड्याची वारस:
भाडेकरूंच्या बाजूने बोलणे सोपे आहे, म्हणून मालकाचीही बाजू मांडते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मूळ भाडेच साठ रुपये असेल तर ती वाढ दोन रुपये चाळीस पैसे होते. सागवानी तुळईला वाळवी लागली की सुताराची मजुरी, चुन्याचे काम, पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, हे सगळे त्या साठांत कसे बसवायचे? शिवाय आम्ही सतरा वारस. एका सहीसाठी भाऊबंदांच्या दारी किती खेपा घालाव्या लागतात, ते पेठेत राहणाऱ्यांना सांगायला नको. विकासक आला की सतराही जण तासाभरात एकत्र येतात.

बुधवारातला:
धागाकर्त्यांचे मूळ गृहीतकच मला अपुरे वाटते. १८४८ मध्ये जिथे सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तो भिडेवाडा ओसाड नव्हता; तिथे दुकाने होती. तरीही वास्तू खचत गेली, स्मारकाचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडली गेली. म्हणजे वापर होता, पण दुरुस्ती कोणी करायची हे ठरलेले नव्हते. रस्त्याकडच्या गाळ्यातून उत्पन्न घ्यायचे आणि मागचा चौक ढासळू द्यायचा, हाही ‘वापर’च झाला.

सदाशिवकर:
भिडेवाड्याचा मुद्दा मी मान्य करतो. माझे पहिले विधान सैल होते. मात्र त्यावरून वापरच नको असा निष्कर्ष निघत नाही. रायगड-सिंहगडासारखी दगडी बांधणी इथे नाही. लाकूड, वीट आणि पांढरी माती यांच्या भिंती छपर गळू लागले की झपाट्याने बसतात. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या वाड्यांचे काय झाले, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. म्हणून नवा वापर देताना उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवण्याची अट घालावी आणि राहत्या बिऱ्हाडांना त्याच वाड्यात जागा द्यावी.

जुना भाडेकरू:
अट कागदावर चांगली आहे. पण बिऱ्हाडे वर आणि खानावळ खाली अशी सोय झाली, तर रात्री अकराला दिंडीदरवाजा कोण लावणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.