वाय-फायचा क्यूआर कोड : पाहुण्यांसाठी लावलाय का? अनुभव लिहा

पाहुणे टेकले की पाठोपाठ प्रश्न येतोच, "वाय-फायचा पासवर्ड काय?" मग पहिलं अक्षर कॅपिटल, नंतर शून्य आहे, ओ नाही, अशी उजळणी. क्यूआर कोड लावल्यापासून आमच्याकडची ती बंद झाली. घरी, दवाखान्यात, वाचनालयात, कुठेही तुम्ही असा कोड वापरत असाल तर लिहा. कसा बनवलात, काय अडलं, सगळंच हवंय.

सुरुवात मी करते. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये वेगळं अ‍ॅप लागत नाही. वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर जाऊन 'शेअर' दाबलं की कोड समोर येतो. त्याचाच स्क्रीनशॉट छापला. आयफोनचा कॅमेरा आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, तो थेट वाचतो.

*

छान धागा. माझ्या आईचे हात थरथरतात. पासवर्ड टाइप करताना हमखास एखादं अक्षर चुकायचं, आणि ती "राहू दे" म्हणून फोन बाजूला ठेवायची. आता मावशीकडे गेली की स्वतः कॅमेरा धरते, वर आलेल्या पट्टीवर बोट टेकवते आणि मला व्हिडिओ कॉल लावते. कोणाला विचारावं लागत नाही, याचं तिला फार अप्रूप आहे. मला तर त्याहून जास्त.

*

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या, कळकळीने सांगतोय. या कोडमध्ये पासवर्ड लपवलेला नसतो. नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड, तिन्ही साध्या मजकुरात एका ओळीत असतात. कोणत्याही स्कॅनरने ती ओळ वाचता येते. म्हणजे कोडचा फोटो काढणाऱ्याकडे पासवर्ड गेलाच. घराच्या फोटोत मागे कोड दिसत असेल तर तो फोटो सोशल मीडियावर टाकू नका. अनोळखी वेबसाइटवर पासवर्ड भरून कोड बनवणंही टाळा, फोनवरच बनवा.

राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर ते सुरू करा आणि कोड त्याचाच लावा. पाहुण्यांना इंटरनेट मिळतं, पण तुमचा प्रिंटर, कॅमेरे, कॉम्प्युटरवरची फोल्डर्स त्यांच्या फोनला दिसत नाहीत. पासवर्ड बदललात की जुना कोड निरुपयोगी होतो, नवा छापायचा. गेस्टचा बदलला तर घरातल्या उपकरणांना धक्का लागत नाही, ही मोठी सोय.

*

वरच्या प्रतिसादाला +१. कोड हाताने मजकूर लिहून बनवणार असाल तर पासवर्डमधल्या अर्धविराम, स्वल्पविराम, कोलन यांच्या आधी बॅकस्लॅश (\) द्यावा लागतो. नाहीतर स्कॅन होतं पण जोडणी होत नाही, आणि माणूस राउटरला दोष देत बसतो. फोन हे आपोआप करतो.

*

छपाईचं काम करते म्हणून सांगते. कोडभोवती पांढरी मोकळी जागा सोडा, किमान कोडमधल्या चार बारीक चौकटींएवढी. सुंदर दिसावं म्हणून किनारीपर्यंत नक्षी आणली की स्कॅन अडतं. गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड काही फोन वाचतच नाहीत. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते, त्यापेक्षा मॅट घ्या. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची (खराब झालेला भाग भरून काढण्याची) सर्वांत वरची पातळी निवडली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड चालतो, पण चौकटी बारीक होतात. मग आकार वाढवावा लागतो.

*

लॅपटॉपवाल्यांसाठी कोडखाली पासवर्डही छापा. आमच्या वाचनालयात तो नव्हता, तेव्हा लोक काउंटरवर येतच राहिले.

*

गेस्ट नेटवर्क लावलं, पण भाच्याला फोनवरचे फोटो टीव्हीवर दाखवता येईनात. टीव्ही मुख्य नेटवर्कवर आहे. काय करावं?

*

टीव्हीही गेस्टवर घ्या. तरी दिसला नाही, तर राउटरमध्ये गेस्ट उपकरणांना एकमेकांशी बोलू देण्याचा पर्याय शोधा. काही राउटरमध्ये तो असतो आणि आधीपासून बंद ठेवलेला असतो.