मदत हवी आहे : काळा पहाडची पुस्तकं कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी. नववीतली लेक 'बॅटमॅन कुठून आला?' यावर शाळेत बोलणार आहे. तिला १९१९चा झोरो सांगितला : दिवसा आळसावलेला श्रीमंताचा मुलगा, रात्री काळा मुखवटा नि तलवार. १९३९च्या बॅटमॅनचा साचा तोच. अंगाला घट्ट पोशाख नि मुखवटा घालणारा कॉमिक्समधला वेताळसुद्धा (फँटम) त्याच्या आधीचा, १९३६चा!

पण आपल्या मातीतलं उदाहरण हवंच. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधला नायक काळा पहाड लगेच आठवला, पण आमच्या गावभागातल्या घरातली सगळी पुस्तकं २०१९च्या पुरात भिजली. पानं चिकटून नुसता लगदा झाला होता, अजून जीव तुटतो. सांगली-मिरजेत कुणाकडे असतील तर द्याल का? वाचून, कव्हर घालून परत करेन.

आणि वेषांतर करणारे बहिर्जी नाईक यात घ्यावेत का? ते खरे होऊन गेले, म्हणून मन कचरतंय.