'सरासरी वेग शून्य' मराठीत कसं लिहायचं?

भाषांतरवाली: नववीच्या मुलांसाठी एका व्हिडिओचं निवेदन मराठीत करतेय. धावपटू 400 मीटरची शर्यत पहिल्या लेनमधून 50 सेकंदांत पुरी करते, जिथून सुटली तिथेच पोचते. विस्थापन (सुटण्याच्या जागेपासून पोचण्याच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट) शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. सरासरी चाल मात्र सेकंदाला 8 मीटर. पुस्तकाप्रमाणे बिनचूक. पण सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "वेग शून्य? म्हणजे पळालीच नाही की!" शिवाय धावणारीची 'चाल' कानाला कशीतरीच लागते. दुसरे शब्द आहेत का?

खडू_फळा: नकोत दुसरे शब्द. चाल (स्पीड) अदिश, म्हणजे दिशेविना; वेग (व्हेलॉसिटी) सदिश, म्हणजे दिशेसकट. परीक्षेत उलटं लिहिलं की गुण गेले. मुलांना शाळेतलाच शब्द द्या.

रातांधळा: मग दहावीच्या पुस्तकातला मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग, तो काय, मास्तर? पृथ्वीवरून 11.2 किमी प्रतिसेकंद. हवेचा अडथळा सोडला तर यान सरळ वर फेका की तिरकं, आकडा तोच (जमिनीत घुसवू नका म्हणजे झालं). दिशेशी देणंघेणं नाही, म्हणजे तुमच्या नियमानं ती 'मुक्तिचाल'.

खडू_फळा: तो रुळलेला शब्द आहे.

रातांधळा: तेच तर म्हणतोय! वेगमर्यादा, प्रकाशाचा वेग, वेगवान गोलंदाज. स्पीडला मराठी माणूस वेगच म्हणत आलाय. नवा शब्द घडवायचा तर व्हेलॉसिटीला घडवायला हवा होता. आपण वापरातला शब्द तिला देऊन टाकला आणि स्पीडच्या गळ्यात चाल मारली.

कोकणकडा: याला दुजोरा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, त्या दिवशी आम्ही बातम्यांना कान लावून होतो. वारे ताशी शंभरावर, वादळ स्वतः त्याहून कितीतरी हळू सरकतंय, दोन्हींना 'वेग'च. आजोबा सारखे विचारायचे, "येतंय किती वेगानं, आणि कुठल्या अंगाला?" दिशा निराळी विचारावीच लागे.

बडोदेकर: गुजराती शाळेत स्पीडला झडप, व्हेलॉसिटीला वेग. झडप ऐकली की पळणारा डोळ्यांपुढे येतो. मराठीत ती मांजर घालतं, ही पंचाईत.

शब्दवेल्हाळ: वेग 'विज्' धातूपासून. उद्वेग, आवेग त्याच घरचे. मुळात थरथर, खळबळ; दिशा त्यात येणार कुठून? जर्मनांचं दोन्हींना मिळून एकाच शब्दावर भागतं, आणि त्यांचं पदार्थविज्ञान काही अडलेलं नाही. आपल्याकडे चाल गाण्याला लागते, बुद्धिबळात खेळतात, भाऊबंदही खेळतात.

त्रिज्या: थोडं खुसपट काढते. 'पहिली लेन' हे शब्द निवेदनातून गाळू नका. 2016 ला रिओत वेड व्हॅन नीकर्क आठव्या लेनमधून 43.03 सेकंदांत धावला. बाहेरच्या लेनवाल्याला पुढून सोडतात, त्याला साधारण 50 मीटर. म्हणजे विस्थापन शून्य नाही! सरासरी वेग सेकंदाला एक मीटरहून थोडा जास्त, आणि त्याची दिशा सुटण्याच्या जागेकडून अंतिम रेषेकडे, म्हणजे मागे. विश्वविक्रम करणारा माणूस सरासरीनं मागे गेला.

भाषांतरवाली: हे भारीच आहे, व्हिडिओत घालायला सांगते. पण मजकूर शुक्रवारी द्यायचाय हो. 'दिशावेग' चालेल?

खडू_फळा: नाही.

रातांधळा: पळेल.

जुनी_वही: आमच्या वेळी त्वरणाला (वेग बदलण्याच्या दराला) प्रवेग म्हणत. वेग, प्रवेग, संवेग, कशी भावंडं शोभायची! तो हाकलून हे हिंदी त्वरण आणलं कोणी?

शब्दवेल्हाळ: त्वरण हिंदी कसं? 'त्वरा करा' तुम्ही मराठीतच म्हणता ना? आणि प्रवेग तरी कुठे देशी आहे, तोही संस्कृतच.

जुनी_वही: संस्कृत असेल, पण आमच्या वहीत होता.