वावडं, सर्दी की ॲलर्जी?

आमच्या सोसायटीच्या फलकासाठी घरातली ॲलर्जी कशी कमी करावी यावर पानभर मजकूर लिहिते आहे. आम्ही धायरीला राहतो, इमारतीमागे मोकळा प्लॉट आहे, आणि गणपती गेले की निम्म्या घरांत शिंका सुरू होतात. पहिल्याच ओळीला अडले. ॲलर्जीला मराठी शब्द कोणता? सासूबाई म्हणतात, 'वावडं' लिही. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

—

ताई, खटकलं ते बरोबरच आहे. वावडं बहुधा खाण्यापिण्याचं असतं. वांग्याचं, अंड्याचं. त्यात नुसत्या नावडीचीही छटा येते, एखाद्याला कामाचंसुद्धा वावडं असतं. विश्वकोशात 'अधिहृषता' असा पारिभाषिक शब्द सापडतो, पण तो फलकावर लावलात तर पुढचं कोणी वाचणार नाही. 'ॲलर्जी'च ठेवा. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने तो ग्रीकमधून घडवला: 'ॲलोस' म्हणजे वेगळा, 'एर्गोन' म्हणजे कार्य. शरीर भलतंच वागायला लागतं, ते त्यात नेमकं आलंय.

—

माझं भांडण 'सर्दी'शी आहे. सर्दी म्हटलं की गारठा आला, आणि गारठा आला की पांघरूण आलं. माझा मुलगा आठवीत असताना उठल्या उठल्या दहा-बारा शिंका द्यायचा, नाक चोळून लाल व्हायचं. ताप नाही, घसा दुखत नाही. आम्ही सर्दी म्हणून खिडक्या लावून घ्यायचो आणि त्याच्या अंगावर आजीच्या नऊवारीची गोधडी घालायचो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, गोधडी शेवटची कधी धुतली? आम्ही ती उन्हात टाकायचो आणि घरात आणून झटकायचो!

डॉक्टर 'डस्ट माइट' म्हणाले. याला 'धुळीतले किडे' लिहू नका, किडे म्हटलं की लोक फवारा आणतात. ते कोळ्याच्या जातकुळीतले, डोळ्यांना न दिसणारे जीव. आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, आणि बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. उन्हाने गोधडीतली ओल जाते, विष्ठा तिथेच राहते. आठवड्याला एकदा ५५ अंशांहून गरम पाण्यात धुवावं लागतं. म्हणून क्रियापदं जपून वापरा: 'झटका' नको, 'धुवा'. 'झाडा' नको, 'ओल्या फडक्याने पुसा'.

—

'ओल' या शब्दाला दोन ओळी द्याच. पावसाळ्यानंतर कपाटामागे कुबट वास येतो, ती बुरशी. वरून रंगाचा हात मारला तरी पाझर बुजवल्याशिवाय ती जात नाही.

आणि प्लॉटातलं ते पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत असणार. भारतात त्याची नोंद १९५६ साली आपल्या पुण्यातच झाली. फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायला सांगा. नाव गाजराचं असलं तरी अंगाला लागलं की खाज सुटते. फुलोऱ्याच्या दिवसांत चादरी त्या बाजूच्या गॅलरीत वाळत घालू नका, पराग चिकटून थेट बिछान्यात येतात.

—

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग 'बाधते' लिही की. आम्ही तसंच म्हणायचो." शीर्षक ठरलं: 'धूळ बाधते का?' खाली लहान अक्षरांत ॲलर्जी. मोरीच्या भिंतीची ओल बघायला प्लंबर शनिवारी येतोय.