मदत हवी आहे: डीटीएच काढून टाकू का? आईंच्या मराठी मालिका कुठे दिसतील? (बडोदा)

घाईत_आहे
सरळ विचारते. गेला आठवडाभर टीव्हीवर 'सिग्नल नाही' एवढंच येतंय. कस्टमर केअरला चारदा फोन झाला, दरवेळी "बॉक्स बंद करून चालू करा". माणूस पाठवायचे ३५० रुपये म्हणाले, तेही कबूल केले, माणूस काही उगवला नाही. रिचार्ज २८ तारखेला संपतोय. नवरा म्हणतो काढूनच टाक, घरात फायबर आहे. आम्ही दोघं तसेही मोबाईलवरच बघतो. पण आई संध्याकाळी साडेसहापासून मराठी मालिका बघतात. केबलवाल्याकडे गुजराती-हिंदी ढीगभर, मराठी विचारलं की "मंगावना पडेगा, बेन". डीटीएच ठेवलं ते मराठीपायीच. तर सगळी मराठी चॅनेल एका ठिकाणी कोणत्या अ‍ॅपवर मिळतात? लवकर सांगा, घरात वातावरण तंग आहे.

खटपट्या
कंपनी कोणती? टीव्ही स्मार्ट की साधा? बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं, तिथले दोन आकडे द्या, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. काहीच न सांगता उपाय कुठून आणू?

अलकापुरीकर
एका ठिकाणी सगळं मिळत नाही, ती आशा सोडा. झी मराठी हवं तर झी५, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. आम्ही २०२३ मध्ये डिशची छत्री भंगारात दिली. मागे वळून पाहिलं नाही.

फुकट_ते_पौष्टिक
दूरदर्शनची फ्री डिश लावा. एकदाच काय तो बॉक्स-छत्रीचा खर्च, पुढे महिन्याला शून्य. २००४ पासून चालू आहे.

खटपट्या
@फुकट_ते_पौष्टिक, झी मराठी, स्टार प्रवाह पे चॅनेल आहेत, ती तिथे नाहीत. सह्याद्री दिसेल. आईंना सह्याद्री चालेल का?

घाईत_आहे
सह्याद्रीवर फक्त सातच्या बातम्या बघतात. टीव्ही साधा, २०१४ चा, एचडीएमआयचं भोक आहे. कंपनीचं नाव घेऊन काय होणार, सगळ्या एकाच माळेच्या. आकडे: स्ट्रेंग्थ ७८, क्वालिटी ०. आता अ‍ॅपचं बोला.

खटपट्या
स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी शून्य म्हणजे बॉक्स ठीक, वायरही बहुतेक ठीक. छत्रीचं तोंड फिरलंय. दोन-तीन अंश हललं तरी खेळ खल्लास. छत्रीला कुणी हात लावला का?

घाईत_आहे
हात कोण लावणार? उत्तरायणाला अगाशीवर तीसेक माणसं होती, पण छत्रीजवळ कुणी गेलं नाही.

खटपट्या
बाई, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना!! सिग्नल कधीपासून गेला?

घाईत_आहे
वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपासून. लिहिलं होतं ना, आठवडा झाला.

डेक्कनची_मंजू
अगाशी म्हणजे? विरारजवळचं आगाशी का?

सूरसागर
गच्ची हो. आम्ही बडोदेकर अगाशीच म्हणतो, मराठीत बोलतानाही. आणि उत्तरायण म्हणजे तुमची संक्रांत. आमच्याकडे तिळगूळ खाली, ऊंधियू आणि फिरकी वर.

अलकापुरीकर
छत्री सरळ करून काय साधणार? डीटीएच मरायला टेकलंय. ट्रायचे, म्हणजे टीव्ही-टेलिकॉमच्या नियामकाचे आकडे बघा: २०२० च्या सुमारास सात कोटींच्या आसपास चालू ग्राहक होते, मार्च २०२५ ला पावणेसहा कोटीही उरले नाहीत.

फुकट_ते_पौष्टिक
त्या आकड्यांत फ्री डिश धरतच नाहीत. गेलेले सगळे ओटीटीवर, म्हणजे अ‍ॅपवर गेले असं कुणी सांगितलं? आमच्या वाडीतली निम्मी घरं फ्री डिशवर आली. २०१९ मध्ये ट्रायने १०० चॅनेलांना १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये नुसते खिडकी उघडण्याचे लावले, वर पे चॅनेलांचे वेगळे. तेव्हापासूनच लोक वैतागले.

अलकापुरीकर
आणि तीन-तीन अ‍ॅपचे पैसे मी भरतो ते... असो.

पीजचा_प्रेक्षक
छत्रीचं एवढं काय घेऊन बसलात? १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर उसना मिळाला होता, 'साइट' प्रयोग. २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही. आपल्या शेजारी खेडा जिल्ह्यात पीजला छोटा ट्रान्समीटर होता. पंचायतीपुढे सेट, समोर अख्खं गाव, त्यात म्हशी बांधणारेही. मामाकडे गेलो की मीही बसायचो. १९८५ मध्ये पीज बंद केलं तेव्हा लोक चिडले होते. रिमोट नव्हता, निवड नव्हती, भांडणही नव्हतं.

खटपट्या
काका, वेगळा धागा काढा, मी येतो वाचायला. इथे बाईंची छत्री बघू. बडोद्याहून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह असेल तर तोंड दक्षिणेकडून थोडं पूर्वेला, १०८ चा असेल तर बरंच पूर्वेला. म्हणून कंपनी विचारत होतो. नाव नको तर नका सांगू; त्याच कंपनीची चालू छत्री शेजारच्या अगाशीवर शोधा आणि आपली तिला समांतर करा.

फुकट_ते_पौष्टिक
फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंशावर. बडोद्याहून जवळजवळ बरोब्बर आग्नेय. वास्तुवालेही खूश.

घाईत_आहे
शेजारी?? आमच्या बिल्डिंगमध्ये अकरा छत्र्या आहेत, चालू दोन. एक आमची होती. बाकीच्यांत कबुतरं बसतात, एकीत तर चवथ्या मजल्यावरच्यांनी तुळस लावलीय.

नुसतीच_वाचक
सासूबाई अ‍ॅप चालवू शकतील का, हे कुणी विचारलंच नाही. माझ्या आईला टीव्हीत खुपसायची अ‍ॅपवाली स्टिक आणून दिली. पहिल्या दिवशी "कोण बघतंय?" म्हणून चार गोल आले, ती म्हणाली, मी बघतेय, दुसरं कोण आहे घरात? मग म्हणे मालिका निवड. तिला निवडायची नव्हती, लावायची होती. जुन्या रिमोटवर ती आकडे न बघता दाबायची, तीन बोटांत चॅनेल. आता माझी वाट बघत बसते. खोटं नाही सांगत, मी परत डीटीएच घेतलं.

अलकापुरीकर
सवय होते. माझ्या वडिलांना ८१ व्या वर्षी झाली. माइकमध्ये बोलून लावतात.

नुसतीच_वाचक
तुमच्या वडिलांचं कौतुकच. माझी आई माइकमध्ये 'जरा ऐकता का' म्हणते.

घाईत_आहे
अपडेट. आत्ता वर जाऊन आले. छत्रीच्या दांडीला, पुढे तो डबीसारखा भाग असतो ना, तिथे मांजाचे वीसेक वेढे, गुलाबी, त्यात अर्धा पतंग. कुणीतरी जोर लावून ओढलेला दिसतोय. खालची गंजलेली खूण जिथे होती तिथून छत्री बोटभर सरकलीय. नवरा खाली टीव्हीसमोर, मी वर, फोन चालू. खुणेवर आणली तर क्वालिटी १२, जराशी वर उचलली तर ६४! आईंनी खालूनच ओरडून सांगितलं, "आलं गं, पण भाग संपलाय".

खटपट्या
आता नट आवळा, एकेक करून, एकच गच्च आवळलात तर परत फिरेल. आवळताना आकडा बघत राहा.

फुकट_ते_पौष्टिक
छान. पण २८ तारखेनंतर फ्री डिशचा विचार करा.

घाईत_आहे
नट आवळले, ६१ वर थांबलंय. २८ ला एकाच महिन्याचा रिचार्ज करणार, वर्षाचा नाही, नवऱ्याला तेवढं कबूल केलंय. आता शेवटचं: मांजा कापताना वायरचं काळं आवरण डबीजवळ अर्धा इंच सोललं गेलं, आतली जाळी दिसतेय. चिकटपट्टी लावली तर चालेल का?

खटपट्या
पावसाळ्यापर्यंत चालेल. पाणी जाळीतून आत शिरलं की तांबं हिरवं पडतं, मग स्ट्रेंग्थही जाईल. सोललेला भाग कापून नवा कनेक्टर बसवा, दांडिया बाजारात कुठेही मिळेल. आणि तोंड रबराच्या टोपीने झाका.

डेक्कनची_मंजू
मला एक विचारायचं होतं, पुण्यात ऊंधियू चांगला कुठे मिळतो?