डॉ. चित्रा नाईक यांच्या शासकीय कारकिर्दीचे मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न: शोधयात्री
डॉ. चित्रा नाईक (१९१८–२०१०) यांच्यावर एका वार्षिकांकासाठी लेख लिहीत आहे. परिचयपर लेखांत त्यांच्या पदांची आणि सन्मानांची यादी सहज मिळते: राज्याच्या शिक्षण संचालक, नियोजन आयोगाच्या सदस्य, १९८६ साली पद्मश्री. परंतु अधिकारी या नात्याने त्यांनी शिक्षण खात्यात नेमका कोणता बदल घडवला, हे त्या यादीतून उमगत नाही. शिवाय पती जे. पी. नाईक हे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाचे (राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे) सदस्य-सचिव असल्याने दोघांचे काम एकत्रच सांगितले जाते. ते वेगळे कसे मांडावे?

उत्तर: सेवानिवृत्त विस्तार अधिकारी
आपण सुरुवात संचालकपदापासून न करता गारगोटीपासून करावी, असे सुचवतो. कोलंबिया विद्यापीठात संशोधन करून आलेल्या या विदुषींनी कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथील मौनी विद्यापीठात, म्हणजे ग्रामीण शिक्षणाच्या प्रत्यक्ष प्रयोगात, काम केले आणि नंतर त्या शिक्षण खात्यात मोठ्या पदांवर आल्या. त्या काळी खात्याचा शाळेशी संबंध मुख्यतः तपासणीपुरता होता; साहेब येणार म्हटले की हजेरीपट आणि दप्तर नीट लावले जाई, शिकवण्याबद्दल बोलणे क्वचितच होई. पुण्यातील राज्य शिक्षण संस्थेच्या संचालक म्हणून त्यांनी शिक्षकांचे प्रशिक्षण आणि अध्यापनपद्धती हे विषय हाताळले. १९८४ साली याच संस्थेचे रूपांतर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत झाले. लेखात पद्मश्रीपेक्षा या कामाला अधिक जागा द्यावी.

उत्तर: फडताळ
वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, पण संचालकाच्या अधिकारांविषयी थोडी सावधगिरी हवी. संचालनालय पुण्यात, निर्णय मुंबईत, अशी आपली जुनी रचना आहे. धोरण आणि पैसा मंत्रालयात ठरतो, तर संचालक अंमलबजावणी करतो. १०+२+३ आकृतिबंधाची (दहावीपर्यंत शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक, तीन वर्षे पदवी) शिफारस कोठारी आयोगाची, तो स्वीकारण्याचा निर्णय शासनाचा आणि १९७५ साली झालेली दहावीची पहिली शालान्त परीक्षा मंडळाची. अशा बदलाचे श्रेय कोणा एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकणे, मग ती व्यक्ती कितीही मोठी असो, इतिहासाला धरून होणार नाही.

उत्तर: सांजशाळा
माझ्या मते, त्यांचे स्वतंत्र योगदान सर्वाधिक स्पष्ट दिसते ते शासकीय चौकटीबाहेर. जे. पी. नाईक यांनी १९४८ साली मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ साली पुण्यात आली, आणि तिच्यामार्फत १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत नऊ ते चौदा वयोगटातील शाळाबाह्य मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले गेले. दिवसा गुरे राखणारी, धाकटी भावंडे सांभाळणारी मुले, विशेषतः मुली, अकरा ते पाचच्या शाळेत येऊच शकत नाहीत. तेव्हा वेळ शाळेने बदलावी, मुलांनी नव्हे, असा या प्रयोगाचा रोख होता. शिकवणारी व्यक्ती शक्यतो त्याच गावातली असे. मुलांची प्रगती पाहण्यासाठी नेहमीच्या परीक्षेऐवजी बालजत्रा भरवल्या जात, ही कल्पना मला आजही फार शहाणपणाची वाटते.

जे. पी. नाईकही अनौपचारिक शिक्षणाचे पुरस्कर्ते होते, त्यामुळे विचारांची वाटणी करू नये. मात्र १९८१ साली त्यांचे निधन झाल्यानंतरही चित्राताईंनी हे काम अनेक वर्षे वाढवत नेले. तेथे कोणाच्या सावलीचा प्रश्न उरत नाही.

शोधयात्री
सर्वांचे आभार. अनौपचारिक वर्ग म्हणजे गरिबांसाठी दुय्यम दर्जाचे शिक्षण, ही टीकाही वाचली आहे. तिचा उल्लेख करावा का?

उत्तर: फडताळ
अवश्य करावा. अल्प मानधनावरचा स्वयंसेवक हा प्रशिक्षित शिक्षकाला स्वस्त पर्याय ठरतो आणि शासनाला पूर्ण वेळेची शाळा काढण्याची निकड वाटेनाशी होते, हा आक्षेप गंभीर आहे. मात्र एका संस्थेने जवळून देखरेख करून चालवलेला प्रयोग आणि तीच कल्पना सरकारी योजना म्हणून देशभर पसरल्यावर तिचे झालेले स्वरूप, यांत लेखात स्पष्ट फरक करा.