डोंबिवलीहून एका दिवसात समुद्र: साबा, गुडघे आणि दोन पोरं. कुठे जाऊ?

खिडकीतली जागा:

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत एक दिवस समुद्रावर जायचंय. सकाळी निघून रात्री घरी, मुक्काम नाही. माणसं पाच: मी, नवरा, साबा (म्हणजे सासूबाई, वय ६८, दोन्ही गुडघ्यांची कुरकुर), लेक नऊ वर्षांची आणि चार वर्षांचा धाकटा. गाडी नाही. जुहू आणि गिरगाव सोडून काहीही सुचवा, तिथे समुद्र कमी आणि डोकीच जास्त दिसतात.

अपेक्षा: पोरांना पाण्यात खेळता यावं, साबांना सावलीत बसता यावं, नवऱ्याला ताजी सुरमई मिळावी आणि मला एक तास कुणी हाक मारू नये. शेवटचं जमलं नाही तरी चालेल, सवय आहे.

केळवा की अलिबाग, इथवर घोडं आलंय. दोन शनिवार मोकळे आहेत, पण साबांनी कॅलेंडर बघून सांगितलं की एक संकष्टीचा आहे आणि दुसरा एकादशीचा. नवऱ्याचा चेहरा पडलाय.

फास्ट लोकल:

अलिबाग. मुंबई-ठाण्याकडच्यांना एका दिवसात यापेक्षा बरं काही नाही. गेटवेहून मांडव्याला बोट, साधारण तासाभराची. मोठ्या बोट कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते. पोरांना अर्धी मजा बोटीतच येते, सीगल मागे लागतात. (त्यांना कुरकुरे घालू नका हो. सगळे घालतात म्हणून आपणही घालायचे असं काही नाही.)

केळव्याचा जावई:

आमच्या सासुरवाडीला एक मत! केळवे रोडला डहाणू लोकल थांबते, स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, किनारा तिथून सात-आठ किलोमीटर. सुरूचं बन थेट वाळूला लागून, साबा खुर्ची टाकून दिवसभर बसतील. शितलादेवीचं देऊळ किनाऱ्याजवळच. येताना केळव्याची खाऊची पानं घ्या.

पण डोंबिवलीहून यायचं म्हणजे दिव्याहून वसईची मेमू, मग विरार, मग डहाणू लोकल. मेमू मोजक्या. एक चुकली की गणित कोलमडतं. जावई असूनही खरं बोलतोय, याची नोंद घ्यावी.

भटकभवानी:

काशीद!!! वाळू बघाल तर बाकीचं सगळं विसराल.

फास्ट लोकल:

@भटकभवानी, काशीद अलिबागच्या पुढे आणखी तीस किलोमीटर. बोट, बस, मग पुन्हा वाहन. गाडी नसताना चार वर्षांच्या पोराला घेऊन? वाळूवर पोचेपर्यंत परतायची वेळ होईल. शिवाय तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या किती वेळा वाचल्यात. मुक्काम असेल तर काशीद, नाहीतर नको.

भटकभवानी:

मान्य. पण एकदा जाच.

आंग्रेकालीन:

मी मूळचा अलिबागचा, आता ठाण्यात. (ते सुप्रसिद्ध वाक्य इथे कुणी लिहू नये. त्यावर हायकोर्टात याचिकासुद्धा झाली होती, कोर्टाने फेटाळली, म्हणून आम्ही अजून ऐकतोय.)

ताई, तुमचा प्रश्न 'कुठे जाऊ' असा आहे. माझ्या मते आधी 'कधी' ठरवा. अलिबागच्या समुद्रावर दिवस कसा जाणार हे किनाऱ्यापेक्षा भरती-ओहोटी ठरवते, आणि त्यासाठी लागणारं यंत्र तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकलंय.

आमच्याकडचा हिशोब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. त्याच्या सहा तास आधी, नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, पण भरती धरायची बाराच्या सुमाराला. शुद्ध असो वा वद्य, पाढा एकच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक बघून पक्कं करा. पण महिनाभर आधी दिवस निवडायला कॅलेंडर पुरतं.

आता तुमचे दोन शनिवार. एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे ओहोटी दुपारी सव्वादोनला. डोक्यावर ऊन, आणि अष्टमी-दशमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, समुद्र पुरता आत जात नाही. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर पाय भिजतातच, कधी गुडघ्यापर्यंत. पौर्णिमेनंतरचे चार-पाच दिवस त्या मानाने चांगले, पाणी लांब मागे जातं.

संकष्टीला सकाळी नऊला ओहोटी. पहाटेची लोकल धरलीत, सातच्या आत बोटीत बसलात, तर साडेआठ-पावणेनऊला अलिबाग. थेट किनाऱ्यावर या, किल्ला करून घ्या, साडेदहाच्या आत परत वाळूवर. मग रिक्षा किंवा मिनीडोर करून नागाव, सात-आठ किलोमीटर. तिथे सुरूची सावली आहे. जेवण करून एक-दीड वाजता पोरांना पाण्यात सोडा, तेव्हा पाणी चढतं असतं. तीननंतर उतरायला लागलं की पोरांना बाहेर काढा. उतरत्या पाण्याला ओढ असते. चढत्या पाण्यातही मोठं माणूस त्यांच्यापुढे, समुद्राच्या बाजूला उभं राहिलेलं हवं. किनाऱ्यावर बसून 'लांब जाऊ नको रे' ओरडणं याला लक्ष ठेवणं म्हणत नाहीत.

आणि साबांना सांगा, किल्ल्यात सिद्धिविनायक आहे. संकष्टीला भर समुद्रातला गणपती.

खिडकीतली जागा:

काका, हे वाचून दाखवलं. साबा उठून कॅलेंडरपाशी गेल्या आणि त्यांनी गेल्या महिन्यातल्या सगळ्या तिथींची पाऊणपट केली. आता घरात कुणीही काहीही विचारलं की भरतीची वेळ सांगतायत.

पण किल्ल्यात त्यांना नेता येईल का? गुडघे!

आंग्रेकालीन:

वाळू ओली, मध्ये खडक, त्यावर शेवाळ आणि कालवांच्या धारदार कवच्या. चालवू नका. ओहोटीत घोडागाड्या जातात, थेट दरवाज्याजवळ सोडतात. भाव चढण्याआधी ठरवा आणि परत किती वाजता न्यायला येणार तेही वदवून घ्या. आत पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, पोरांना लागत नाही.

लेकीसाठी तीन गोष्टी सांगून ठेवतो. तटाचे दगड बघ म्हणावं: चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत, लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं, पुढे हे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं झालं. दुसरं, चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. तिसरं, उत्तरेच्या तटावर चाकाच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यावर १८४९ साल आणि यॉर्कशायरचं नाव शोधायला लाव. म्हणजे त्या आंग्र्यांच्या नव्हेत, हे तिचं तिलाच कळेल.

गावात परत आल्यावर वेळ उरलाच तर चुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवा. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्याने मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ साली ती मुंबईतल्या कुलाब्याहून आमच्याकडे आली. मुंबईच्या गर्दीला कंटाळून अलिबागला येणाऱ्यांची ती पहिली बॅच.

फास्ट लोकल:

साडेदहाच्या आत परत, हे वाक्य ठळक करा. आम्ही एकदा ऑफिसचे सहा जण गेलो होतो. ओहोटी दीडची. आत गेलो, फोटो काढले, विहिरीवर गप्पा झाल्या, साडेतीनला बाहेर आलो तर जिथून चालत आलो तिथे पाणी. एक जण म्हणाला, 'कमरेएवढंच आहे.' उतरला, आणि चार पावलांत त्याचा मोबाईल वर धरलेला हात तेवढा हलताना दिसला. ओरडून परत बोलावला. शेवटी बोटीने आलो. बोटवाल्याने सांगितलेला भाव निमूट दिला. तो मोबाईल वाचला, पाकीट नाही.

चुलीवरची:

जेवणाचं मी सांगते. नागावात घरगुती जेवण देणारी बरीच घरं आहेत, पण एक वाजता दारात उभं राहून 'पाच ताटं' म्हणू नका. आदल्या दिवशी फोन, किती माणसं, किती शाकाहारी, सगळं सांगायचं. तांदळाची भाकरी, सुरमई, बोंबील, सोलकढी. उपासाचं सांगितलंत तर तेही करतात. सुरमईचे भाव पापलेटच्या खालोखाल कडाडलेले असतात, तेव्हा ताट घेण्याआधी तुकडा किती मोठा ते विचारावं, लाजू नये.

फेब्रुवारी म्हणजे पोपटीचा शेवट. वालाच्या शेंगा मडक्यात, भांबुर्डीचा पाला खाली-वर, पाण्याचा थेंब नाही, मडकं उपडं करून भोवती जाळ. ती रात्रीची गोष्ट, तुम्हाला मुक्कामाशिवाय मिळणार नाही, उगाच लिहून मी मलाच त्रास करून घेतला. पण पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याला लागायला लागल्या असतील तर घ्याच. गोडसर असतो, पोरं कच्चा खातात.

खिडकीतली जागा:

आंघोळीचं काय? ओल्या कपड्यांत बोटीत धाकटा कुडकुडेल.

चुलीवरची:

जेवणाचं ठरवाल त्याच घरी गोड्या पाण्याच्या आंघोळीचंही विचारा, माणशी थोडे पैसे घेतात. सुती टॉवेल न्या, टर्किशमध्ये दोन किलो वाळू घरी येते. एक छोटी बाटली खोबरेल तेल. पायाला डांबराचा गोळा लागला तर साबणाने घासून कातडं निघेल, डांबर नाही. तेलाने लगेच सुटतं. हे पावसाळ्याच्या आगेमागे जास्त, पण बाटली जड नसते.

केळव्याचा जावई:

बोट लागत असेल तर? आमच्या हिला लागते.

फास्ट लोकल:

पनवेलहून एसटी. पण वडखळच्या ट्रॅफिकमध्ये काय होईल ते वडखळच जाणे. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, बोटच बरी. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, तीही हवा बघून. परतीची शेवटची बोट किती वाजता ते तिकीट काढतानाच विचारा, आणि शेवटच्या बोटीवर विसंबू नका. शनिवार-रविवारी संध्याकाळी मांडव्याला रांग बघून रडू येतं. नागावातून साडेचारला हललंच पाहिजे.

भटकभवानी:

नागावला बनाना राईड, जेट स्की, घोडे, सगळा गोंगाट. शांतता हवी तर अलीकडे आक्षी. तोच समुद्र, निम्मी माणसं.

आंग्रेकालीन:

हेही खरं. पोरांना विचारून ठरवा. साबांना विचाराल तर आक्षी.

खिडकीतली जागा (तीन आठवड्यांनी):

जाऊन आलो! संकष्टीलाच. साबांपुढे मतदान झालंच नाही.

पहिल्यांदा चुकलेलं सांगते: आम्ही ठरवलेली लोकल हुकली, पुढची पकडली, अलिबागला पोचायला सव्वानऊ. घोडागाडीवाला म्हणाला, 'काकी, अर्धा-पाऊण तास आत, मी इथेच थांबतो.' आणि खरंच थांबला. साबा गाडीत पुढे बसल्या, पदर डोक्यावरून, आणि समुद्राकडे न बघता त्याला भरतीची पाऊणपट समजावत होत्या. तो हो-हो म्हणत होता. बिचारा रोज त्यावरच जगतो.

विहिरीचं पाणी चाखायचा लेकीचा हट्ट आम्ही हाणून पाडला. तोफेवरचं साल मात्र तिने शोधलं आणि दुसऱ्या एका कुटुंबाला 'ही इंग्लंडची आहे' म्हणून ऐकवलं. सिद्धिविनायकापुढे रांग होती, संकष्टी म्हटल्यावर असणारच. साडेदहाला पाच मिनिटं असताना परतलो तेव्हा घोड्याच्या खुरांना पाणी लागत होतं. @फास्ट लोकल, तुमची आठवण काढली.

पुढे आक्षी. वाळूवर माणसं मोजता येत होती. सुरूखाली साबा सतरंजी टाकून आडव्या झाल्या त्या दोन तास. नवरा पोरांच्या पुढे समुद्राच्या बाजूला उभा, काकांनी सांगितलं होतं तसा. तीन वाजता बाहेर काढल्यावर धाकट्याने भोकाड पसरलं. तेवढ्यात मला माझा तास मिळाला, म्हणजे वीस मिनिटं. त्यात मी वाळूतले खेकड्यांचे बारीक गोळे बघत बसले. बिळाभोवती नक्षी काढल्यासारखे मांडलेले असतात, भरती आली की पुसले, ओहोटी लागली की पुन्हा सुरू.

जेवणाचा फोन आधी केला होता, चुलीवरची ताई, मनापासून आभार. साबांना साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस. नवऱ्याने त्यांच्यासमोर सुरमई खायला संकोचून आधी नुसती आमटी मागितली. साबाच म्हणाल्या, 'उपास माझा आहे, तुझा नाही.' मग त्याने दोन तुकडे खाल्ले.

मांडव्याला सहाच्या आत होतो, तरी रांग होतीच. बोटीत पोरं झोपली. डोंबिवलीला उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. चंद्रोदयाला अजून थोडा वेळ होता आणि साबा घरी जायला तयार नव्हत्या, कारण आमच्या बिल्डिंगमधून पूर्व दिसत नाही. मग स्टेशनच्या पुलावर उभे राहिलो सगळे, वाळूने भरलेल्या चपला, कांद्याची माळ नवऱ्याच्या गळ्यात. लोक बघत होते. पावणेदहाला दिसला. नमस्कार करून साबांनी पर्समधून जेवणाच्या घरून बांधून आणलेला मोदक काढला, अर्धा धाकट्याला दिला आणि विचारलं, 'पुढची अष्टमी कधी आहे गं?'